'द स्कोअर' (२००१): शेवटची चोरी आणि दुसरी किल्ली (रहस्यभेद आहे)

पाऊलवाट
शनिवार, रात्री ११:४०

चित्रपट पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. शेवट सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.

आज दिवसभर कोथरूडला पावसाने उसंत दिली नाही. बाबांचं संध्याकाळचं फिरणं बुडालं, म्हणून त्यांच्यासोबत 'द स्कोअर' लावला. माझी तिसरी खेप, त्यांची पहिली. बाबा एका बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झाले. हे मुद्दाम सांगतोय, कारण आज चित्रपट मला त्यांच्यामुळे नव्याने दिसला.

ज्यांनी फार पूर्वी पाहिलाय त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. निक (रॉबर्ट डी नीरो) माँट्रिअलमध्ये जॅझ क्लब चालवतो आणि गुपचूप तिजोऱ्या फोडतो. वय झालंय, एका कामात पकडला जाता जाता वाचलाय, क्लबचं कर्ज फेडायचंय, आणि डायनसोबत (अँजेला बॅसेट) संसार थाटायचाय. राहत्या गावात हात मारायचा नाही, हा त्याचा नियम. चोरीचा माल खपवणारा त्याचा जुना दोस्त मॅक्स (मार्लन ब्रँडो) नेमका तोच नियम मोडायला लावतो. माँट्रिअलच्याच कस्टम्स हाउसच्या तळघरात फ्रान्सचा एक राजदंड जप्त होऊन पडलाय. आतली माहिती आणणारा पोरगा आहे जॅक (एडवर्ड नॉर्टन). बौद्धिक अपंगत्वाचं सोंग घेऊन, 'ब्रायन' या नावाने तो तिथे साफसफाईचं काम करतोय.

साधारण अर्धा चित्रपट झाल्यावर बाबा म्हणाले, "या पोराच्या हातात एकटी किल्ली देऊ नये." मी म्हटलं, इथे किल्ली कुठे आहे? तर त्यांनी मला बँकेची स्ट्राँगरूम समजावून सांगितली. दाराला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशिअरकडे. दोघे समोर असल्याशिवाय दार उघडत नाही. एक जण रजेवर गेला तर किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे रीतसर नोंद करून, सही घेऊन द्यायची. "लोकांना वाटतं हे चोरासाठी असतं. चोरासाठी दार जाड असतं. दोन किल्ल्या आपल्यासाठीच असतात."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही सगळी चोरीच दोन किल्ल्यांची आहे. आत शिरण्याची वाट, कॅमेरे, पहारेकऱ्यांच्या वेळा ही जॅकची किल्ली. तिजोरी उघडण्याचं कसब ही निकची. एकट्याला काही जमणार नाही. पण तिजोरी उघडली की त्या क्षणी निकची किल्ली वापरून झालेली असते, जॅकची मात्र अजून शिल्लक असते, कारण बाहेर पडायचंय. म्हणजे दगा होणार असेल तर तो नेमका त्याच मिनिटाला होणार. जॅक तिथेच पिस्तूल काढतो. आणि निकने ते मिनिट घरी बसून आधीच मोजून ठेवलेलं असतं.

जॅक बस स्थानकावर पोहोचतो, निकला फोन लावून मिरवतो, आणि मग त्याला कळतं की नळकांड्यात राजदंड नाहीच, धातूचा साधा दांडा आहे. इथे बाबांनी टाळी वाजवली. त्यांना मी चित्रपट पाहताना टाळी वाजवताना कधी पाहिलं नव्हतं.

माझं म्हणणं असं की ही कलाटणी शेवटी चिकटवलेली नाही, पहिल्या अर्ध्या तासापासून ती विणलेली आहे. तुम्हाला काय वाटतं? की दिग्दर्शकाने आपल्याला फसवलं?

अनुस्वार
रविवार, सकाळी ७:०५

छान लिहिलंय, दोन किल्ल्यांची कल्पना आवडली. पण मी असहमत.

फसवलंच आहे. निक राजदंड बाहेर काढतो तेव्हा कॅमेरा त्याच्यासोबत आत आहे. आपण त्याच्या खांद्यावरून पाहतोय. आणि नेमकी अदलाबदल आपल्यापासून लपवली जाते. रहस्यकथेचा अलिखित करार असतो की जे नायकाला दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. इथे नायक जाणतो आणि प्रेक्षक जाणत नाही, एवढ्यावरच धक्का उभा आहे.

शिवाय पहिला तास संथ आहे. क्लब, संगीत, डायन येते, डायन जाते. मी दोन बैठकांत संपवला.

बोहरी_आळी
रविवार, सकाळी ९:३०

रविवार पेठेत आमचं कुलुपांचं आणि तिजोऱ्या दुरुस्तीचं काम, आजोबांपासून. त्यामुळे मला या चित्रपटाबद्दल आपुलकी आहे, ती सांगून टाकतो.

कुलूप उघडणारा माणूस कसा दिसतो हे इथे बरोबर दाखवलंय. बहुतेक चित्रपटांत माणूस तिजोरीला कान लावतो, तीन वेळा चकती फिरवतो, खट्ट, दार उघडलं. खऱ्या कामात माणूस गुडघ्यावर बसून असतो, पाठ धरते, घाम डोळ्यात जातो, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. किल्ली हरवलेली वाड्यातली जुनी तिजोरी उघडायला गेलो की घरची मंडळी सुरुवातीला भोवती गोळा होतात. अर्ध्या तासाने एकेक करून स्वयंपाकघरात निघून जातात. शेवटी तिथे आम्ही आणि तिजोरी एवढेच उरतो. डी नीरोने तो एकटेपणा पकडलाय. पहिल्या तासाला संथ म्हणणाऱ्यांनी त्याचे हात पाहावेत.

पाण्याच्या युक्तीबद्दल. निक तिजोरीला वरून भोक पाडून ती पाण्याने भरतो आणि मग आत स्फोट करतो. त्यामागचं शास्त्र खरं आहे. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवेत स्फोट झाला तर जोर हवा दाबण्यात जातो आणि आतल्या वस्तूचे तुकडे होतात. पाण्यात तोच दाब सगळ्या भिंतींवर एकाच वेळी पोचतो आणि जे सगळ्यात कमजोर असेल ते आधी सुटतं. तिजोरीत ते म्हणजे दार. फक्त एक गोष्ट मनात येते. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. दार उडालं की हे सगळं पाणी त्याच दारातून समोर येणार. त्या लोंढ्याच्या वाटेत उभं राहायला हिंमत हवी.

मृदगंध
रविवार, सकाळी १०:१५

बोहरी_आळी, तुमचा प्रतिसाद वाचून चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला. स्वयंपाकघरात निघून जाणारी मंडळी डोळ्यांसमोर आली.

चाफेकळी
रविवार, दुपारी १२:५०

मला वेगळंच लिहायचंय. कुणाचा हिरमोड करायचा हेतू नाही.

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, सोळा वर्षं झाली. नॉर्टनचं 'ब्रायन' मला पाहवत नाही. तो वाईट अभिनय करतो म्हणून नव्हे, फार चांगला करतो म्हणून. वाकडा हात, अडखळतं बोलणं, नजर टाळणं, हे सगळं त्याने कुणाचं तरी पाहून घेतलंय हे कळतं. आणि ज्या सहजतेने तो जॅक झाल्यावर ते अंगावरून झटकून टाकतो, तिथे माझ्या पोटात कालवतं. कारण माझ्या वर्गातल्या मुलांना ते झटकता येत नाही. त्यांना लोक आजही म्हणतात, "नाटक करतोय." बसमध्ये म्हणतात, दुकानात म्हणतात. एका पालकांना नातेवाइकांनीच सांगितलं होतं की पोरगं लाडावलंय, दोन फटके द्या. अशा जगात 'हे सोंगही असू शकतं' असं दाखवणारा चित्रपट पाहताना मी निव्वळ प्रेक्षक राहू शकत नाही.

तिथला तो म्हातारा सफाई कामगार आठवतोय का? 'ब्रायन'ला सांभाळून घेतो, त्याची काळजी करतो. मला त्याचीच चुटपुट लागून राहिली. त्याला नंतर कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल? पुढच्या वेळी खरोखर तसा मुलगा कामाला आला तर तो त्याला जवळ करील का?

राजदंड कुणाला मिळाला यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

पाऊलवाट
रविवार, दुपारी २:२०

चाफेकळीताई, मनापासून आभार. मी तीन वेळा चित्रपट पाहिला, पण त्या म्हाताऱ्याचा असा विचार एकदाही केला नाही. याबद्दल माझी बाजू मांडायची नाही, तुमचं बरोबरच आहे.

एवढंच जोडतो. जॅक रस्त्यात 'ब्रायन' बनून निकला गाठतो आणि मग एकदम सोंग टाकतो, तो प्रसंग मला आधी गमतीचा वाटायचा. काल तिथेच बाबांचा चेहरा उतरला. निकलाही ते आवडत नाही. जॅकला माणसं फसली की आनंद होतो, गरज असो वा नसो. निक चोर आहे, पण त्याच्या फसवण्यात मिरवणं नाही. अनुस्वार, मला वाटतं निकचा संशय इथून सुरू होतो, आणि दिग्दर्शकाने तो आपल्यापासून लपवलेला नाही.

रीळ_क्रमांक_सहा
रविवार, दुपारी ४:४५

चाफेकळी यांच्या मुद्द्याला धरून. सोंगाचा विषय निघालाच आहे तर आपल्या पुण्यात घडणारा 'अंधाधुन' (२०१८) आठवा. पियानो वाजवणारा, आंधळा नसलेला आंधळा. श्रीराम राघवन इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, त्यांना हे रस्ते माहीत आहेत. तिथेही सोंगच आहे, पण फरक मोठा आहे. आकाशच्या सोंगाची किंमत आकाशलाच मोजावी लागते. जे पाहायला नको ते त्याला दिसतं आणि दिसलं नाही असं वागावं लागतं, आणि पुढे ते सोंग त्याच्या अंगावर उलटतं. 'द स्कोअर'मध्ये सोंगाची किंमत दुसराच कुणी मोजतो. माझ्या मते राघवन यांनी या बाबतीत जास्त जबाबदारीने विचार केलाय.

आता ज्यासाठी मी हा चित्रपट जपून ठेवलाय ते सांगतो. ब्रँडोला 'द गॉडफादर' (१९७२) साठी ऑस्कर मिळालं, डी नीरोला 'द गॉडफादर पार्ट टू' (१९७४) साठी. भूमिका एकच, व्हिटो कॉर्लिओनी, एकाने वयस्क केलेला आणि दुसऱ्याने तरुण. दोघे एका चौकटीत आले ते या एकाच चित्रपटात. आणि पडद्यावरची ब्रँडोची ही शेवटची भूमिका, २००४ मध्ये तो गेला. ब्रँडोचा जन्म १९२४ चा, डी नीरोचा १९४३ चा, नॉर्टनचा १९६९ चा. एका खोलीत अभिनयाच्या तीन पिढ्या बसल्यात आणि तिघांची पद्धत वेगळी आहे. ब्रँडो शब्द चघळत, हसत, वेळ खात बोलतो. डी नीरो जवळजवळ काहीच करत नाही. नॉर्टन प्रत्येक क्षणी काहीतरी करून दाखवतो. आणि पात्रंही नेमकी तशीच आहेत!

चित्रीकरणावेळी ब्रँडोचं आणि दिग्दर्शक फ्रँक ऑझ यांचं अजिबात जमलं नाही. ऑझ म्हणजे 'मपेट्स' या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या मिस पिगीचा आवाज, आणि ब्रँडो त्यांना त्याच नावाने डिवचायचा. शेवटी त्याचे काही प्रसंग डी नीरोमार्फत घ्यावे लागले. हे वाचल्यापासून मॅक्स आपलं कर्ज निककडे कबूल करतो तो प्रसंग मी वेगळ्या नजरेने पाहतो. थकलेला, घाबरलेला, मित्राला खोटं बोलल्याची लाज वाटणारा म्हातारा. तिथे ब्रँडोने काहीही उसनं आणलेलं नाही.

ओंकार_पी
रविवार, सायंकाळी ६:१०

मला कलाटणी आधीच कळली होती आणि त्याचं कारण कथा नाही, नॉर्टन आहे. त्याचा पहिलाच चित्रपट 'प्रायमल फिअर' (१९९६) ज्यांनी पाहिलाय ते त्याच्या अडखळत्या बोलण्यावर आयुष्यात विश्वास ठेवणार नाहीत. त्यामुळे जॅक दगा देणार हे मी पहिल्या दहा मिनिटांत धरून चाललो होतो. पण निक त्याच्यावर मात करेल हे मात्र मला सुचलं नाही. म्हणजे अर्धी कलाटणी कळली आणि त्या अर्धीनेच मला गाफील ठेवलं.

जुना_बाजार
रविवार, रात्री ८:३०

माझं वय ७१. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं भाड्याने आणून रात्री कंदिलाशी वाचायचो. झुंजार, काळापहाड. तेव्हापासून हुशार चोर म्हटला की मी त्याच्या बाजूचा. त्यामुळे अनुस्वार यांनी म्हटलेला 'करार' मला मान्य नाही. काळापहाडाने पुढे काय करायचं ठरवलंय हे आम्हाला आधी कधी कळायचं? न कळण्यातच गोडी होती. त्याच्यावर भरवसा ठेवून पान उलटायचं.

तसंच १९६७ चा 'ज्वेल थीफ'. अशोककुमारचा चेहरा पाहून कुणाच्या मनात तरी आलं असेल का? तो धक्का आजही आठवतो.

अनुस्वार
रविवार, रात्री ९:१५

जुना_बाजार काका, तुमचंच उदाहरण घेतो. 'ज्वेल थीफ'मध्ये खलनायक लपवलाय. तिथे आपण आणि नायक एकाच होडीत आहोत, दोघांनाही माहीत नाही. माझी हरकत नायकाचं ज्ञान लपवण्याला आहे. ही वेगळी गोष्ट आहे.

मात्र पाऊलवाट यांनी रस्त्यातल्या प्रसंगाबद्दल लिहिलं त्यामुळे मी आज दुपारी चित्रपट पुन्हा लावला. निकची नजर जॅकवरून हटत नाही हे खरं. जॅक बोलतो तेव्हा निक बहुतेक वेळा गप्प असतो. जॅकला आपल्याला कमी लेखलं जातंय अशी सतत खदखद आहे, आणि निक ती ऐकून ठेवतो, उत्तर देत नाही. अदलाबदल दाखवली नाही ही माझी तक्रार कायम. पण संशय दाखवला आहे हे मान्य करतो. काल मी ते पाहिलं नव्हतं.

मृदगंध
रविवार, रात्री ९:४०

डायनबद्दल कुणीच बोललं नाही. अँजेला बॅसेटसारखी अभिनेत्री घेऊन तिला विमानातून उतरायचं, निकला विचारायचं, पुन्हा विमानात बसायचं, एवढंच दिलंय. पण मला तिचा मुद्दा आवडतो. ती रडत नाही, धमकावत नाही. सोडणार असशील तर मी आहे, एवढंच. शेवटी निक तिला विमानतळावर घ्यायला येतो तेव्हा चोरी यशस्वी झाली म्हणून मी खूश नव्हते, तो वेळेवर पोचला म्हणून होते.

रीळ_क्रमांक_सहा
रविवार, रात्री १०:०५

मृदगंध, अगदी बरोबर. इथेच 'हीट' (१९९५) आठवतो. तिथेही डी नीरोच, तिथेही शेवटचं काम आणि वाट पाहणारी बाई. त्या नीलचा नियम असा की पोलिसांची चाहूल लागली तर ३० सेकंदांत सोडून निघता येणार नाही असं काहीही आयुष्यात ठेवायचं नाही. नील सुटला असता, पण जुना हिशेब चुकवायला मागे वळतो आणि संपतो. सहा वर्षांनी तोच नट निक झाला. निकही दुखावलाय, त्याच्यावर पिस्तूल रोखलं गेलंय. तरी तो जॅकच्या मागे जात नाही. फोन ठेवतो आणि होडीत चढतो. डी नीरोने नीलची चूक या चित्रपटात दुरुस्त केली असं मला नेहमी वाटतं.

बोहरी_आळी
रविवार, रात्री १०:५०

वा! हे डोक्यात आलं नव्हतं.

पाऊलवाट, बाबांना एक विचारा. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांत एक हेड कॅशिअरची. इतकी वर्षं मॅनेजर बदलत राहिले असतील. कुणासोबत दार उघडताना त्यांना कधी धास्ती वाटली का? आमच्या धंद्यात वाटते. तिजोरी उघडल्यावर आम्ही लगेच पाठ फिरवून उभे राहतो, आत काय आहे ते पाहत नाही. आजोबांनी लावलेली शिस्त. पण कधी कधी घरातलेच दोन भाऊ एकमेकांकडे असे पाहतात की आपण लवकर मजुरी घेऊन निघावं असं वाटतं.

चाफेकळी
रविवार, रात्री ११:२०

बोहरी_आळी, पाठ फिरवून उभं राहणं फार आवडलं.

रीळ_क्रमांक_सहा, 'अंधाधुन'ची तुलना पटली. तिथे मला त्रास झाला नव्हता, आणि का नाही हे आज कळलं.

पाऊलवाट
सोमवार, सकाळी ६:५०

सकाळचा चहा पिताना बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. चाफेकळीताईंचा दोनदा वाचायला लावला.

बोहरी_आळींच्या प्रश्नावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एकदा. एक साहेब नवीन आले होते. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुमची किल्ली माझ्याकडे ठेवून जेवायला जा, उगाच खेपा कशाला." माणूस बोलायला गोड होता, हेतूही वाईट नसेल. बाबांनी किल्ली दिली नाही. त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत, डबा टेबलावरच उघडला. आईने पाठवलेली मेथीची भाजी होती, हेही त्यांना आठवतंय. साहेब पुढे तीन वर्षं होते. काही झालं नाही, कधीच काही झालं नाही. पण बाबा त्यांच्याशी खूप मोकळे कधी झाले नाहीत, आणि याचं त्यांना अजून थोडं वाईट वाटतं.

आम्ही आज रात्री पुन्हा लावणार आहोत. बाबांना तो म्हातारा सफाई कामगार नीट पाहायचाय.